साखरलेला पाक

आमच्याकडे संक्रांतीच्या आधीच्या रविवारी चिक्की होते. आई ओट्याशी, मी तिच्या उजव्या हाताला. मागेल ते द्यायचं आणि कशालाही हात लावायचा नाही, एवढंच माझं काम. हा नियम फार जुना आहे आणि तो लागू होण्याला कारणही मीच.

एमएस्सीला सॉलिड स्टेट फिजिक्स घेऊन सुट्टीत घरी आलो होतो. त्या वर्षी गुळाऐवजी साखरेची चिक्की करायचं ठरलं. कढईत पाक चढला होता, आई पाठमोरी बसून भाजलेल्या दाण्यांची सालं पाखडत होती. पाक खाली लागेल अशी मला उगाच काळजी वाटली आणि मी डाव घातला. डाव कडेला घासला, कडेला सुकून बसलेली साखर आत पडली. क्षणभर काहीच झालं नाही. मग डावाभोवती एक पांढरट ढग उठला, पसरला आणि सोन्यासारखा पारदर्शक पाक बघता बघता ओल्या रेतीसारखा होऊन बसला.

आईने सूप खाली ठेवलं, कढईत पाहिलं आणि एकच शब्द बोलली, "साखरला."

मध साखरतो, जिलबीचा पाक साखरतो, मोरंबा साखरतो. आमच्या पुस्तकात याला 'स्फटिकीभवन' असा दात पडतील असा शब्द होता. आईच्या शब्दात तर त्या शास्त्राबरोबर निकालही आहे: साखरला म्हणजे बिघडला. गंमत अशी, की पुस्तकाच्या हिशेबाने त्या कढईत बिघडलं काहीच नव्हतं. उलट सगळे रेणू एकदाचे शिस्तीत, रांगेत उभे राहिले होते. चिक्कीला तीच शिस्त नको असते.

खडीसाखर आणि साखरेच्या चिक्कीचा पाक, दोन्हींत रेणू तोच. खडीसाखरेच्या पाकाला दिवसचे दिवस निवांत ठेवतात, दोरा सोडून देतात. एकेक रेणू येतो, आपली जागा शोधतो, बसतो. चिक्कीच्या पाकाला ती सवड मिळत नाही. तो आटवायचा, दाणे घालायचे आणि तूप लावलेल्या पोळपाटावर ओतून लाटण्याने झपाझप पसरायचा. रेणू जिथे होते तिथेच, जसे होते तसेच थिजतात. गर्दीच्या लोकलमध्ये आत शिरलेला माणूस ज्या कोनात अडकतो त्याच कोनात ठाण्यापर्यंत उभा राहतो, तसं. अशा थिजलेल्या गर्दीला भौतिकशास्त्रात काच म्हणतात. खिडकीची काच वाळूची, चिक्की साखरेची, जात एकच. म्हणून तर चांगली चिक्की काचेसारखी कट्कन मोडते.

आईला हे मी त्या दिवशी सांगायला गेलो. "मग लिंबू का पिळतात ते सांग," ती म्हणाली.

ते सांगता आलं, निदान नंतर पुस्तक चाळून. लिंबाच्या आंबटपणाने साखरेच्या काही रेणूंचे दोन तुकडे होतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. हे तुकडे आकाराने वेगळे, त्यामुळे रांगेत मध्येच घुसून रांग लागू देत नाहीत. गुळात ते मुळातच असतात, म्हणून गुळाची चिक्की माझ्यासारख्याच्या हातूनही सहसा साखरत नाही. कडेची साखर ओल्या बोळ्याने पुसून घेण्यामागेही हेच. एक कण जरी आत पडला तरी बाकीच्यांना कुठे उभं राहायचं ते कळतं.

तोच कण हलव्याला मात्र मुद्दाम देतात. आजी शेगडीच्या मंद आचेवर परात ठेवून त्यात तीळ किंवा खसखस घ्यायची आणि एकतारी पाक चमच्या-चमच्याने घालत बोटांनी दाणे फिरवत राहायची. पहाटेच्या थंडीत, ओळीने तीन-चार दिवस. तिसऱ्या दिवशी हलव्याला काटा फुटायचा. तो प्रत्येक काटा म्हणजे साखरेचे बारीक स्फटिक. एकाच सणाला, एकाच स्वयंपाकघरात साखर एका भांड्यात रांगेने उभी आणि दुसऱ्यात सैरावैरा थिजलेली. आणि दोन्ही जमायला हवीत, नाहीतर सासर नाव ठेवतं.

इथपर्यंत ठीक आहे. पुढे मात्र आमच्या शास्त्राची थोडी पंचाईत आहे. पाणी गोठून बर्फ होतं तेव्हा रचना बदलते, ते दिसतं, मोजता येतं. काच होताना तसं काही दिसतच नाही. पातळ पाकाचा आणि कडक चिक्कीचा आतून फोटो काढता आला, तर रेणूंची अस्ताव्यस्त गर्दी दोन्हींत जवळपास सारखीच दिसेल. तरी एक वाहतो आणि दुसरा दाताला दाद देत नाही. द्रव थिजून काच झाला असं जिथे मानतात, तिथे त्याचा दाटपणा पाण्याच्या एकावर पंधरा शून्यं इतक्या पटींनी जास्त असतो. रचना बदलली नाही, मग हा एवढा फरक आला कुठून? अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ फिलिप अँडरसनला बेशिस्त पदार्थांवरच्याच कामासाठी १९७७ चं नोबेल विभागून मिळालं होतं. त्याने १९९५ साली लिहिलं, की घन पदार्थांच्या सिद्धांतातला सगळ्यात खोल आणि रंजक न सुटलेला प्रश्न बहुधा काचेचाच असावा. त्यानंतर खूप काम झालं, पण सर्वांना मान्य असं उत्तर अजून नाही.

काचेची एक चुलत बहीणही आहे, स्पिन ग्लास. तांब्यात थोडं मँगनीज मिसळलं की त्या मँगनीजच्या अणूंच्या चुंबकसुया एकमेकींशी काही जोड्यांत सरळ, काही जोड्यांत उलट वागू पाहतात. लग्नाच्या मांडवात दोनच पंगती आहेत आणि तीन भाऊबंद असे, की कोणाचंच कोणाशी पटत नाही. दोघांना समोरासमोर बसवलं, आता तिसऱ्याला कुठे बसवणार? कुठेही बसवा, एक जोडी तोंड फिरवून जेवणार. अशी भाऊबंदकी अब्जावधी अणूंत असली की 'बरी म्हणावी' अशा मांडण्या अगणित निघतात आणि सर्वोत्तम कोणती ते सापडत नाही. हे गणित इटलीच्या जॉर्जिओ पारिसीने १९७९ मध्ये उकललं आणि २०२१ मध्ये त्याला नोबेल मिळालं. लग्नघरातल्या वडीलधाऱ्यांना ते अजून सुटलेलं नाही.

कॉलेजात आम्हाला एका सरांनी ठणकावून सांगितलं होतं, की काच हा वाहणारा द्रव आहे. युरोपातल्या जुन्या चर्चच्या काचा म्हणे खाली ओघळून तळाशी जाड झाल्यात. मी हे बरीच वर्षं लोकांना ऐटीत सांगत होतो. ते खोटं आहे. त्या काळी तापलेली काच गरगरा फिरवून तिचा तवा करत, तो सगळीकडे सारखा होत नसे, आणि जाड कड खाली बसवणं सोयीचं. ब्राझीलच्या एडगर झानोटोने १९९८ मध्ये हिशेब मांडून दाखवला: खिडकीची काच अशी ओघळायची तर विश्वाचं वयही पुरणार नाही.

चिक्कीला मात्र आमच्याकडचा पावसाळा पुरतो. हवेतला ओलावा आत शिरला की थिजलेली गर्दी सैल पडते. मागच्या जूनमध्ये फडताळात मागे राहिलेला डबा सापडला. रेघा मारून कापलेल्या वड्यांचे कोपरे गेले होते, सगळ्या मिळून डब्याच्या तळाचा आकार झाला होता. डबा उलटा केला तर काहीच पडेना. पाच मिनिटांनी एक जाडसर जीभ हळूच बाहेर आली.

ते बघून मी आईला ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनची गोष्ट सांगितली. तिथल्या विद्यापीठात १९२७ साली थॉमस पार्नेल नावाच्या प्राध्यापकाने फनेलमध्ये डांबर भरलं. हातोडीने फुटेल असं टणक डांबर, पण साधारण दशकाला एक थेंब या गतीने ते गळतं. पुढे जॉन मेनस्टोन यांनी ते पन्नासेक वर्षं सांभाळलं. १९८८ मध्ये ते काहीतरी प्यायला म्हणून मिनिटभर बाहेर गेले आणि सातवा थेंब पडला. आठव्यासाठी कॅमेरा लावला होता, तो २००० साली ऐन वेळी बिघडला. नववा थेंब एप्रिल २०१४ मध्ये सुटला, पण त्याआधीच्या ऑगस्टमध्ये मेनस्टोन गेले होते. स्वतःच्या डोळ्यांनी त्यांनी एकही थेंब पडताना पाहिला नाही.

आई थोडा वेळ गप्प होती. डबा गरम पाण्यात बुडवत म्हणाली, "बिचारा. पण पाक चढलेला असताना स्वयंपाकघर सोडून कुणी जातं का रे?"