एका गावची टोळी आणि नंतरची माणसे : आमची वाटचाल

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात १९९६ साली भाड्याच्या अर्ध्या शेडमध्ये आम्ही पहिली भट्टी पेटवली, तेव्हा माझ्याकडे पतसंस्थेचे कर्ज आणि सासऱ्यांनी दिलेली थोडी रक्कम याखेरीज काही नव्हते. फौंड्रीचे, म्हणजे लोखंड वितळवून वाळूच्या साच्यात ओतण्याच्या धंद्याचे, ज्ञान म्हणावे ते सगळे आमच्या मिस्त्रींचे होते. मिस्त्री पॅटर्नमेकर, ज्यावरून वाळूत साचा उठवतात तो लाकडी नमुना करणारे. त्यांनी नफ्यातला चौथा हिस्सा मागितला आणि मी तो कागद न करता कबूल केला. पुढे बावीस वर्षे, ते जाईपर्यंत, त्या हिश्श्यावरून आमच्यात एक शब्दही झाला नाही.

मिस्त्रींच्या पेटीत दोन श्रिंकेज स्केल होत्या. बिडाचे कास्टिंग, म्हणजे ओतलेली वस्तू, थंड होताना शेकडा एकाच्या हिशेबाने आकसते, म्हणून त्या पट्टीवरचे हजार मिलिमीटर म्हणजे खरे एक हजार दहा. नवख्याने चुकून साध्या पट्टीने पॅटर्न केला तर मिस्त्री रागावत नसत. तो पॅटर्न त्याच्याच टेबलावर आठवडाभर ठेवून देत. सागवानी पॅटर्न ते कधी अखंड फळीतून काढत नसत. लहान लहान तुकडे, एकाचे तंतू आडवे तर दुसऱ्याचे उभे, असे सरस लावून जोडत आणि मगच रंधा मारत. अखंड फळी पावसाळ्यात एकाच अंगाला वाकते, हे त्यांचे कारण. मला ते तेव्हा फक्त लाकडापुरते कळले होते.

माणसांच्या बाबतीत मात्र मी अखंड फळीच निवडली होती. मोल्डिंगचे, म्हणजे वाळूचे साचे भरण्याचे, सगळे काम मी एका ठेकेदाराला दिले होते आणि त्याची टोळी राधानगरी तालुक्यातल्या एकाच गावची, बहुतेक एकाच भावकीची होती. त्यात सोय होती, हे नाकारत नाही. एकाला सांगितले की तेवीस जणांना कळत असे, कोणी आजारी पडला तर त्याचा चुलतभाऊ उभा राही, आणि हजेरीपटाकडे मला पाहावेही लागत नसे. गावची जत्रा आली की चार दिवस फौंड्री बंद, भातलावणीला आणखी सहा दिवस बंद, आणि भावकीत मयत झाली की तेराव्यापर्यंत निम्मी टोळी गावी, एवढाच काय तो तोटा, असे मी स्वतःला समजावत असे. १९९९ च्या सुमारास त्याच गावातल्या दुसऱ्या वस्तीतला एक मुलगा कामाला आला होता. हात चांगला, आयटीआय झालेला. टोळीने त्याला तीन महिने वाळू चाळायला आणि चहाचे कप विसळायला ठेवले, पण साच्याच्या बॉक्सला हात लावू दिला नाही, आणि एके दिवशी तो यायचा थांबला. ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी संस्थानातल्या निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला, त्या कोल्हापुरात मी जयंतीला पुतळ्याला हार घालून येत होतो आणि माझ्याच शेडमध्ये काय चालले आहे ते न दिसल्यासारखे करत होतो. तो मुलगा आज गोकुळ शिरगावला एका मोठ्या कारखान्यात मेथड्स विभाग, म्हणजे कोणते कास्टिंग कसे ओतायचे ते ठरवणारा विभाग, सांभाळतो, असे कानावर येते.

२००४ मध्ये आम्ही शिरोलीला आलो, अर्ध्या टनाची इंडक्शन फर्नेस, विजेवरची भट्टी, घेतली, आणि त्यानंतरची सहा-सात वर्षे सांगण्यासारखी नाहीत, कारण ती बरी गेली.

२०११ च्या दिवाळीत मी टोळीला बोनस दिला, मिठाईचे पुडे दिले, ठेकेदाराच्या मुलीच्या लग्नासाठी साठ हजारांची उचल दिली. भाऊबीज होऊन कामाचा दिवस उजाडला तर मोल्डिंगच्या तेवीस माणसांपैकी चारच फाटकावर उभी होती. बाकीची एकोणीस जणांची टोळी, ठेकेदारासह, आमच्यापासून तीन गल्ल्या पलीकडे असलेल्या एका फौंड्रीत सकाळी सातलाच हजर झाली होती. त्या फौंड्रीचे नाव मी घेणार नाही. त्या मालकांची आणि माझी आजही कार्यक्रमांत गाठ पडते आणि आम्ही नमस्कार करतो. पण आदल्या महिन्यात आमच्या शेडमध्ये येऊन, आमचा चहा पिऊन, "टोळी छान बांधली आहे हो तुम्ही," असे ते म्हणाले होते, ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही. माणूस चांगल्या पगाराला जातो, त्याला माझी हरकत नाही. एकोणीस माणसे एका रात्रीत उचलणे याला मात्र स्पर्धा म्हणत नाहीत. त्यावर कळस असा की पुढच्या आठवड्यात तेच गृहस्थ आमच्या पंपाच्या केसिंगचा, म्हणजे बाहेरच्या कवचाचा, नमुना ओतून, किलोमागे दोन रुपये कमी दर घेऊन, आमच्या सर्वांत जुन्या गिऱ्हाइकाच्या दारात गेले.

ते गिऱ्हाईक म्हणजे इस्लामपूरकडचे आमचे पंपवाले काका. १९९७ मध्ये आमची पहिली ऑर्डर त्यांची, चाळीस केसिंगची, आणि त्यातली अकरा त्यांनी परत पाठवली होती, प्रत्येकीवर खडूने कारण लिहून. २०११ च्या नोव्हेंबरात त्यांना चौदाशे केसिंग आमच्याकडून जायच्या होत्या आणि उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांना पंप बाजारात उतरवायचे होते. काकांनी त्या गृहस्थांना चहा पाजला, नमुना ठेवून घेतला आणि मला फोन केला : "चाळीस दिवस देतो. अ‍ॅडव्हान्स लागला तर माणूस पाठव. आणि रिजेक्शन वाढले तर लपवू नकोस." तो नमुना त्यांनी मला नंतर दाखवला. वरून सुबक होता, पण मशिनिंग केल्यावर आत ब्लो होल, वायूने पडलेली भोके, निघाली होती. मला आनंद झाला, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

चाळीस दिवस मिळाले, पण मोल्डर कुठून आणायचे? चार जुने होते. इचलकरंजीच्या एका फौंड्रीतून बिहारचे पाच जण आले, निपाणीकडचे कन्नड बोलणारे तिघे आले. तरीही दोन लाइनपैकी एकच चालत होती. तेव्हा मिस्त्रींनी कोअर शॉपकडे बोट दाखवले. तिथे हालोंडी, नागाव, मौजे वडगाव या आसपासच्या गावांतल्या अकरा बाया कोअर, म्हणजे कास्टिंग आतून पोकळ राहावे म्हणून साच्यात ठेवायचे वाळूचे गाभे, करत होत्या, काहीजणी आठ-आठ वर्षांपासून. वाळू ठासणे, वायू निघायला वेंट मारणे, कडा न मोडता कोअरबॉक्स उचलणे हे सगळे त्यांच्या हातात होते. फक्त त्यांच्या कामाला आम्ही मोल्डिंग म्हणत नव्हतो आणि दर कमी देत होतो. त्यांच्यातल्या वडीलधाऱ्या बाईंना सगळे आक्का म्हणत. मी विचारल्यावर आक्कांनी होय-नाही काही न म्हणता आधी विचारले, "दर मोल्डिंगचा का कोअरचा?" आमच्या हिशेबनिसांनी कोअरचाच दर धरून ठेवला होता. समान कामाला समान वेतन हा कायदा १९७६ मध्येच झाला होता. मला तो आक्कांनी एका वाक्यात शिकवला. दर मोल्डिंगचा ठरला, आणि सात जणी लाइनवर आल्या.

खरी अडचण वजनाची होती. वाळूने भरलेला बॉक्स दोन गडी मिळून उचलत आणि त्यातच त्यांची मर्दुमकी होती. आम्ही लाइनवर वजन उचलणारे, रुळावरचे दोन होइस्ट बसवले, त्या काळात खिशाला झेपत नसताना. चौघांपैकी दोन जुन्या मोल्डरांनी आठवडाभर होइस्टला हात लावला नाही. दुसऱ्या आठवड्यात ज्याची कंबर धरलेली असायची त्यानेच पहिल्यांदा साखळी ओढली, आणि महिन्याभरात पाळीच्या शेवटी होइस्टसाठी भांडणे व्हायला लागली. त्या वेळी कारखान्यांत स्त्रियांना रात्रपाळीची मनाई होती; महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती करून अटींवर ती वाट मोकळी केली ती २०१५ मध्ये. त्यामुळे रात्रीच्या स्वस्त विजेवर पाणी सोडून आम्ही धातू दिवसा वितळवू लागलो. वीजबिल पाहून माझ्या पोटात गोळा येई.

आणि एवढे करून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात रिजेक्शन शंभराला सतरावर गेले. सगळ्यांना कारण आधीच ठाऊक होते : बायका, परप्रांतीय, नवे हात. मीही तेच धरून चाललो होतो. मिस्त्रींनी फुटलेल्या केसिंग शेडच्या दारात ओळीने मांडल्या, आणि आक्का घरी जाताना तिथे थांबून म्हणाल्या, "मालक, ही शिळं कोअर लावल्यात. आमाला कवाच ठावं हुतं. पर इचारलं कुनी?"

शिळा कोअर म्हणजे काय, ते फौंड्रीवाल्यांना सांगायला नको. सिलिकेटने बांधलेला कोअर दोन-तीन दिवस रॅकवर पडला की दमट हवा ओढून घेतो, आणि तापलेले लोखंड त्याच्याभोवती आले की तीच ओल वायू होऊन भोक पाडते. म्हणून आमचा फोरमन रोज सकाळी रॅककडे बोट करून सांगत असे, "कालचे कोअर बाजूला ठेव." बिहारहून आलेला पोरगा ते 'कल के' असे ऐकत असे, आणि त्याच्या भाषेत 'कल' हा उद्याही असतो. पाहणाऱ्यालाही संशय येऊ नये असा हा गोंधळ होता : उद्यासाठी केलेले ताजे कोअर तो इमानेइतबारे बाजूला ठेवत होता आणि शिळे लाइनवर देत होता. बायकांना शिळा कोअर हाताला कळत होता, पण मोल्डिंगच्या फोरमनला सांगायचे हे त्यांचे काम नव्हते. फोरमनला हुकूम द्यायचा होता, तो कळला की नाही हे विचारायचे नव्हते. आणि त्या पोराला मराठी येत नाही हे कबूल करण्याची भीती होती. तिघांकडे मिळून पूर्ण उत्तर होते आणि मी मात्र साच्याच्या वाळूतली चिकणमाती, बेंटोनाइट, बदलत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी आक्कांनीच डब्यांचे पत्रे कापून घेतले. सोमवारचा पिवळा, मंगळवारचा निळा, असे वाराप्रमाणे रंग ठरले, आणि रॅकवर पाटी लावण्याची पद्धत पडली. पुढे तीच पद्धत आम्ही धातूच्या ग्रेडसाठी वापरली, कारण एफजी २६० या साध्या बिडाचा बॉक्स आणि मॅग्नेशियम देऊन चिवट केलेल्या एसजी ५००/७ बिडाचा बॉक्स यांची गल्लत झाली तर कास्टिंग दिसायला तेच राहते आणि गिऱ्हाईक जाते. मॅग्नेशियम दिलेला धातू लॅडलमध्ये, ओतायच्या भांड्यात, दहा मिनिटांच्या पुढे थांबवता येत नाही. तेवढ्या वेळात भाषांतर करत बसणे शक्य नसते, रंग पाहिला की काम होते. जानेवारीत रिजेक्शन शेकडा सहावर आले. चौदाशे केसिंग एक्केचाळिसाव्या दिवशी गेल्या. काकांनी तो एक दिवस कधी काढला नाही.

नव्या उद्योजकांनी विचारलेले नाही, तरी सांगतो. हल्ली विविधता या विषयावर शिबिरे होतात आणि भिंतीवर हसऱ्या चेहऱ्यांची पोस्टरे लागतात. ती लावण्याआधी आपला हजेरीपट उघडावा आणि एकेका विभागात एकच आडनाव, एकच गाव, एकच जिल्हा किती वेळा येतो ते मोजावे. नुसती वेगवेगळी माणसे भरल्याने काही होत नाही. आमच्याकडे डिसेंबरात ती भरलेलीच होती आणि रिजेक्शन सतरा टक्के होते. दर पंधरवड्याला एका विभागातले दोघे दुसऱ्या विभागात पूर्ण दिवस बसतील अशी तजवीज करावी लागते, आणि त्या दिवशी उत्पादन घटते, ते सोसावे लागते. बायकांसाठी वेगळे स्वच्छतागृह हे १९४८ च्या कारखाने अधिनियमापासूनच बंधनकारक आहे, आणि दहा कामगार झाले की लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती नेमणे २०१३ पासून बंधनकारक आहे. हे कागदावर न ठेवता आधी करावे, मग माणसे शोधावीत. आम्ही उलट क्रमाने केले आणि दोन चांगल्या कामगार बाया त्यामुळे गमावल्या.

फेटलिंगमध्ये, म्हणजे कास्टिंग घासून साफ करण्याच्या विभागात, २०१४ पासून दोन कर्णबधिर तरुण आहेत. ग्राइंडरच्या आवाजात तिथे सगळेच हातवाऱ्यांनी बोलतात, त्यामुळे त्यांना रुळायला बाकीच्यांपेक्षा कमी वेळ लागला. हातोडीने ठोकून आवाजावरून चीर ओळखण्याचे काम ते करू शकत नाहीत, ते दुसराच करतो. पण दिवा तिरका धरून केसाएवढी चीर शोधण्यात त्यांच्यातल्या धाकट्याचा हात कोणी धरत नाही. क्रेनच्या भोंग्याला आम्ही लाल दिवा जोडला. तो जोडल्यावर लक्षात आले की भोंगा इतरांनाही ऐकू येत नव्हता.

२०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, आणि पुढच्याच वर्षी टाळेबंदी आली. मे २०२० मध्ये श्रमिक रेल्वेने आमचे चौदांपैकी अकरा उत्तर भारतीय कामगार गावी गेले. शेजारच्या कित्येक फौंड्र्या त्यांच्याविना दिवाळीपर्यंत उभ्या राहू शकल्या नाहीत. आमच्याकडे तोवर प्रत्येक कामाला तीन निरनिराळ्या ठिकाणची माणसे तयार होती, त्यामुळे परवानगी मिळाल्यावर एक लाइन लगेच सुरू झाली. या प्रसंगावर मला जास्त लिहिता येत नाही, कारण त्यात भांडण असे कोणाशी नव्हते.

सगळे जमले आहे, असा दावा नाही. भट्टीच्या प्लॅटफॉर्मवर अजून एकही बाई नाही. फोरमन तिघेही याच जिल्ह्यातले आहेत. जेवणाच्या सुट्टीत बिहारची मंडळी अजून वेगळीच बसतात, आणि त्यांना एकत्र बसा म्हणून सांगणे मला बरोबर वाटत नाही.

२०२३ च्या पावसाळ्यात तो जुना ठेकेदार फाटकावर आला. पलीकडच्या फौंड्रीने स्वयंचलित मोल्डिंग मशिन घेतले होते आणि टोळीची गरज संपली होती. साठ हजारांच्या उचलीचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही. मी त्याला सांगितले की काम आहे, पण आता ठेक्याने नाही, एकेकट्याने. आणि मोल्डरची चाचणी आक्का घेतात, त्यांना भेटा. तो बराच वेळ सायकलस्टँडपाशी उभा होता. लाइनवर आक्का वाळूची मूठ दाबून मोडून पाहत होत्या. त्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिले आणि पुन्हा मूठ दाबली. तो निघून गेला. पुढच्या आठवड्यात त्याचा पुतण्या आला, चाचणीत पहिला बॉक्स मोडला, दुसरा नीट उतरवला. तो आता दुसऱ्या लाइनवर आहे, निपाणीच्या एका मोल्डरच्या हाताखाली.