वेबसाइटचा ग्रे रंग पास करून घेताना आलेला वैताग (माझा अनुभव)

एका संस्थेची जुनी वेबसाइट नव्याने डिझाइन करायचं काम केलं. आता ती लाइव्ह आहे, लोक अर्ज भरतायत, सगळं छान चाललंय, पण तो ग्रे रंग आठवला की अजून डोकं फिरतं म्हणून लिहून काढतोय.

लेआउट, फोटो, मेनू हे सगळं पटापट झालं, त्यात सांगण्यासारखं फार नाही. पान उघडल्यावर आधी काय दिसायला हवं, तर "अर्ज करा" बटण आणि शेवटची तारीख, एवढं ठरलं की बाकीच्या गोष्टींचे साइज आपोआप ठरत जातात. जुन्या फॉर्ममध्ये प्रत्येक लेबल वरच्या आणि खालच्या रकान्यापासून सारख्याच अंतरावर होतं, त्यामुळे फोन नंबरच्या जागी लोक ईमेल टाकून मोकळे व्हायचे. लेबल त्याच्या रकान्याला चिकटवलं, दोन प्रश्नांमधली जागा वाढवली, झालं. जवळजवळ असलेल्या गोष्टी डोळा एक गट म्हणून बघतो हे मॅक्स वर्थायमर या मानसशास्त्रज्ञाने १९२३ मध्येच लिहून ठेवलंय. याला कोणी हूं की चूं केलं नाही.

अडलं ते ब्रँडिंग विभागात. त्यांच्या ब्रँड मॅन्युअलमध्ये मजकुरासाठी एक फिकट ग्रे दिलेला, #९९९९९९ (हा रंगाचा कोड). पांढऱ्या बॅकग्राउंडवर त्याचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि बॅकग्राउंडच्या उजळपणातलं गुणोत्तर, येतो २.८५ ला १. वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी म्हणून जे डब्ल्यूसीएजीचे नियम आहेत, त्यांच्या डबल ए या मधल्या पातळीला साध्या मजकुरासाठी किमान ४.५ ला १ लागतो. २००८ च्या आवृत्तीत हा आकडा होता, २०२३ च्या २.२ मध्येही तोच आहे. म्हणजे डिझाइनमधल्या बाकी गोष्टींवर एक वेळ आवडी-निवडीचे वाद घाला, पण हे चक्क मोजता येतं, दोन रंग टूलमध्ये टाका, आकडा बघा, विषय संपला.

पण संपतोय कसला. मेल टाकला, उत्तर आलं "कृपया ब्रँड गाइडलाइनप्रमाणे करावे". आकड्यांसकट परत टाकला, तेच उत्तर, यावेळी मॅन्युअलची पीडीएफ जोडून, जी माझ्याकडे पहिल्या दिवसापासून होती आणि जिच्यामुळेच हा सगळा प्रश्न उभा राहिला होता. फोन केला तर मॅडम मीटिंगमध्ये. शेवटी भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "अहो, गडद केलं की क्लीन वाटत नाही, फिकट कसं प्रीमियम दिसतं." आता क्लीन दिसतं ते मोकळ्या जागेमुळे, मजकूर पुसट केल्याने नाही, हे मी किती शांतपणे सांगितलं ते माझं मलाच माहीत.

मग तिथल्याच एका सरांनी तोडगा काढला, रंग तोच ठेवा, फक्त बोल्ड करा. मोठ्या अक्षरांना सूट आहे हे खरंय, १८ पॉइंट किंवा बोल्ड असेल तर १४ पॉइंट, त्यांना ३ ला १ पुरतो. पण आपला २.८५, तो तिथेही नापास! मग म्हणे #७७७७७७ घ्या. त्याचा येतो ४.४८. सर म्हणाले साडेचारच झाले की, आणि मला सांगावं लागलं की यात राउंड करून चालत नाही, एक पायरी गडद #७६७६७६ घेतला की ४.५४ येतो, नजरेला फरक कळणारही नाही. एवढ्याशा फरकासाठी परत फाइल वर गेली आणि तिथे आठवडेच्या आठवडे बसली. डेव्हलपर रोज विचारायचा, रंग आला का.

(पहिली टिप इथेच सांगतो नाहीतर राहील, काम घेतानाच रंगावर सही कोणाची लागते ते विचारा आणि रंग ठरायच्या आधी बाकीची स्क्रीन बनवत बसू नका.)

सुटलं कसं ते सांगतो. पुढच्या भेटीत मी लॅपटॉप उघडलाच नाही. मॅडमना फोन दिला, खिडकीत ऊन होतं तिथे उभं केलं आणि म्हटलं शेवटची तारीख वाचा. त्यांनी फोन तिरका केला, हाताने सावली धरली, ब्राइटनेस पूर्ण वाढवला आणि म्हणाल्या, "तारीख आहे कुठे यात?" तेव्हा कुठे खरी गोष्ट बाहेर आली. त्यांना वाटत होतं की आज मजकुराचा ग्रे बदलला की उद्या मी लोगोचाही बदलायला लावणार, कारण लोगोही त्याच रंगात! अहो, लोगोला हा नियम लागूच नाही, स्पष्ट सूट आहे. हे आधी बोलला असतात तर? पण विचारायचं कोणी, मेलवर फक्त पीडीएफ यायची. शेवटी मजकुराला #५९५९५९ मिळाला, कॉन्ट्रास्ट ७ च्या किंचित वर, म्हणजे ट्रिपल ए, सगळ्यात वरची पातळी. मागितलं त्यापेक्षा जास्त मिळालं, आणि हो, याचा मला भयंकर आनंद झाला.

आता आठवतील तशा बाकीच्या टिपा. पानाचा स्क्रीनशॉट ब्लॅक अँड व्हाइट करून बघा, मुख्य बटण त्यातही उठून दिसलं पाहिजे. फॉर्ममधली चूक नुसत्या लाल रंगाने दाखवू नका, शेजारी शब्दात लिहा, लाल-हिरवा वेगळा न दिसणारे लोक बरेच असतात. मराठी मजकुराला लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) अजिबात देऊ नका, शिरोरेघ तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. वेलांट्या आणि उकार एकमेकांत घुसतात म्हणून लाइन-हाइट, म्हणजे ओळींमधलं अंतर, मात्र इंग्रजीपेक्षा सढळ ठेवा. कॅपिटल अक्षरं आपल्याकडे नाहीत, त्यामुळे हेडिंग उठवायचं तर साइज, जाडी आणि आजूबाजूची जागा यांच्यावरच. बटणं बोटाने दाबायची असतात, डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये किमान २४ बाय २४ पिक्सेल म्हटलंय, पण मी ४४ च्या खाली जात नाही.

आणि रकान्याच्या आत जो पुसट नमुना-मजकूर असतो ना, त्यालाही ४.५ लागतो. फॉर्ममध्ये सूट फक्त बंद असलेल्या बटणांना आणि रकान्यांना. हे मी ब्रँडिंगला अजून कळवलेलं नाही, सध्या तो मजकूर काढूनच टाकलाय आणि सूचना रकान्याच्या वर लिहिली आहे.