हुंकाराशिवाय बोलायचं कसं?

सहा मिनिटं मी कुणाशीच बोलत नव्हते, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

2021 चा जुलै संपत आला होता. महापुरामुळं शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता. पुण्याकडून येणारी ग्राहक कंपनीची मंडळी येऊ शकत नव्हती, म्हणून दर महिन्याचा रिजेक्शनचा, म्हणजे नाकारलेल्या मालाचा, आढावा ऑनलाइन घ्यायचं ठरलं. मी गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे धातू ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यात, क्वालिटी बघते. त्या महिन्यात एका ब्रॅकेटमध्ये ब्लो होल फार निघाले होते आणि ते का निघाले हे मला 14 स्लाइडमध्ये सांगायचं होतं. सांगितलंही. कोअर, म्हणजे भाग आतून पोकळ राहावा म्हणून साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा, नीट वाळला नव्हता, ओतताना त्यातून वायू सुटला, वायू बाहेर जायची वाट बुजली होती, मग तो धातूतच अडकला. शेवटी "एनी क्वेश्चन्स?" असं विचारलं आणि वाट बघत बसले. तेवढ्यात आमच्या साहेबांचा मोबाइल वाजला. पलीकडून विचारत होते, "तुमच्या मॅडम कुठं गेल्या? सातव्या स्लाइडला गायब झाल्यात."

नेट गेलं होतं. त्याचं काही नाही, पावसात ते जातंच. मला लागलं ते वेगळंच. नेट असताना समोर जेवढी शांतता होती तेवढीच नेट गेल्यावर होती. मला फरक कळला नाही.

त्यानंतर ऑनलाइन बोलायची भीती बसली ती बसलीच.

मी लाजरीबुजरी मुळीच नाही, हे आधी सांगते. फर्नेसच्या आवाजात चार माणसांशी एकाच वेळी वाद घालायची मला सवय आहे. कॉलेजात असताना केशवराव भोसले नाट्यगृहात एकांकिका केलीय. (1915 सालचं ते थेटर. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते जळालं तेव्हा अर्ध्या कोल्हापूरसारखी मीही रडले.) तिथं रंगमंचावर उभं राहिलं की समोर नुसता अंधार असतो, एक चेहरा दिसत नाही. पण कुणीतरी खोकतं, एखादी खुर्ची करकरते, मागून एखादा आगाऊ शिट्टी मारतो. माणसं दिसत नाहीत, पण आहेत हे कळतं. लॅपटॉपवर उलटं. नाव दिसतं, नावाचं आद्याक्षर एका गोलात दिसतं, माणूस आहे की चहाला गेलाय ते देवालाच ठाऊक.

पुढच्या महिन्यांत काय झालं ते थोडक्यात सांगते. आढाव्याच्या आदल्या रात्री झोप नाही. सकाळी तळहात गार, तोंडाला कोरड, पोटात गोळा. दोनदा डोकं दुखतंय म्हणून स्लाइड साहेबांच्या गळ्यात मारल्या. एकदा तर कॅमेरा बिघडलाय असं खोटं सांगितलं.

त्या काळात मी एक वही सुरू केली, आणि माझ्या कामाला जर सगळ्यांत जास्त काही आलं असेल तर ती वही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. पावसाळ्यात आम्ही कोल्हापूरकर चहाच्या आधी तो आकडा बघतो. मी माझ्या घाबरण्याला तीच पट्टी लावली. प्रत्येक मीटिंगला चार नोंदी: आदल्या रात्री पाणी किती, सुरू व्हायच्या पाच मिनिटं आधी किती, तिसऱ्या स्लाइडला किती, संपल्यावर किती. तिसऱ्या स्लाइडला पेन उचलून आकडा लिहिताना कुणाला दिसत नाही, हा ऑनलाइनचा एक फायदा.

एका ओळीत 55 लिहिलंय. 2019 आणि 2021 च्या महापुरात नदी त्याच्याही वर गेली होती, म्हणजे मी फार बढाई मारत नव्हते.

चार-पाच महिन्यांच्या नोंदी एकाखाली एक बघितल्यावर कळलं की सगळ्यांत जास्त पाणी बोलताना नसतंच. ते असतं सुरू व्हायच्या आधीच्या पाच मिनिटांत. तिसऱ्या स्लाइडपर्यंत दोन-चार फूट आपोआप उतरलेलं असतं. हे कुणी तोंडी सांगितलं असतं तर मी मान डोलावून विसरले असते. स्वतःच्या अक्षरात दिसलं म्हणून पटलं.

मधल्या काळात केलेले उपद्व्याप सांगितलेच पाहिजेत. पहिला, सगळं भाषण पाठ करणं. इंग्रजीत लिहून, पाठ करून, शिवाय कागद स्क्रीनच्या मागच्या खिडकीला चिकटवून. पाचव्या स्लाइडला कुणीतरी साधा प्रश्न विचारला, "ही तारीख कुठली?" आणि पुढचं सगळं पुसलं गेलं. दुसरा, स्लाइड वाढवणं. 14 च्या 31 झाल्या. जितक्या स्लाइड जास्त तितकं माझ्याकडं कुणी बघणार नाही, असा काहीतरी हिशोब. तिसरा, गोळी. औषधाच्या दुकानात असलेल्या एका नातेवाइकानं सांगितलं की स्टेजवर धडधड होऊ नये म्हणून काही लोक प्रोप्रॅनोलॉल घेतात. आमच्या फॅमिली डॉक्टरांना विचारलं तर त्यांनी जवळजवळ हाकललंच. मला लहानपणापासून दम्याचा त्रास, आणि त्या गोळीनं श्वासनलिका आवळू शकतात. विचारलं हे बरं झालं. चौथा उपद्व्याप म्हणजे दहाच्या मीटिंगआधी धीर यावा म्हणून आठ वाजता कट मारून मिसळ खाणं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

मग एके दिवशी मी ग्राहकासाठी एट-डी अहवाल भरत बसले होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: दोष सापडला की त्याच्या मुळाशी जाण्याची ही आठ पायऱ्यांची पद्धत, फोर्ड कंपनीनं 1980 च्या दशकात रूढ केलेली. तिसऱ्या पायरीला तात्पुरता बंदोबस्त, चौथीला मूळ कारण. मूळ कारण शोधायला टोयोटाच्या कारखान्यांतून आलेली 'पाच वेळा का विचारा' ही युक्ती वापरतात. मनात आलं, गोळी, पाठांतर, 31 स्लाइड, हे सगळं तिसऱ्या पायरीचंच. चौथी पायरी मी कधी केलीच नाही.

वहीच्या मागच्या पानावर लिहिलं. भीती का वाटते? चुकेन म्हणून. चुकण्याचं एवढं काय, कारखान्यात रोज चुकते. मग इथंच का? इथं चुकलेलं कळत नाही म्हणून. का कळत नाही? समोरून काहीच येत नाही म्हणून. का येत नाही? सगळे म्यूटवर असतात म्हणून. पाचव्या 'का'ची गरजच पडली नाही.

आणि आजी आठवली. राधानगरीकडची. रात्री गोष्ट सांगताना तिची एकच अट असायची, "हुंकार दे गं, न्हाईतर गोष्ट रुसती." आम्ही पोरं झोपेत गुंगलेलो, पण 'हं' म्हणत राहायचो. हुंकार थांबला की ती राजाला तिथंच जंगलात सोडून पदर ओढून झोपायची. उरलेली गोष्ट उद्या. सत्तर वर्षांच्या बाईला हुंकाराशिवाय गोष्ट सांगता येत नव्हती आणि मी मात्र बिनहुंकाराचं जमत नाही म्हणून स्वतःला नालायक ठरवत होते.

म्हणजे करायचं काय, तर हुंकाराची सोय.

आमच्या कोअर बनवायच्या विभागाचे सुपरवायझर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांना मी विचारलं की आढाव्याला माझ्यासमोर बसाल का? तुमच्या मोबाइलवरून तुम्हीही मीटिंगमध्ये यायचं, म्हणजे माझा आवाज पोचतोय की नाही, स्लाइड सरकतेय की नाही हे तुम्हाला दिसेल.

"म्याडम, पर मला विंग्रजी किती कळतंय?"

"कळू दे नाहीतर राहू दे. मान हलवायची."

"एवढंच व्हय? हलवतो की."

पहिल्या दिवशी मामा इस्त्रीचा शर्ट घालून आले. टेबलाच्या पलीकडं बसले, मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवला, कॅमेरा चालू ठेवला. आणि मी बोलायला लागल्यापासून प्रत्येक वाक्याला मान. मला एवढं हलकं वाटलं की दुसऱ्याच स्लाइडला मी कागद बाजूला ठेवला.

मग नवव्या मिनिटाला ग्राहकाकडच्या साहेबांनी विचारलं, म्हणजे रात्रपाळीत कोअर न तपासताच लावले, असं म्हणायचंय का तुम्हाला? मी उत्तराची जुळवाजुळव करतेय तोवर पडद्यावर मामांची मान ठामपणे, दोनदा, खालीवर.

अर्धा सेकंद काहीच नाही. मग पलीकडून कुणीतरी म्यूट काढलं आणि खदखदून हसलं. मग दुसरं कुणी. मी म्हटलं, "हो सर, तसंच झालंय." कारण खरं तेच होतं, आणि माझ्या स्लाइडवर ते 'प्रोसेस डेव्हिएशन' असल्या गुळगुळीत शब्दांत झाकलेलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा त्या मीटिंगमध्ये माणसं बोलली. वाद झाला, मला चार शब्द ऐकावे लागले, रात्रपाळीला कोअर तपासणीची नोंद सुरू करायचं ठरलं. संपल्यावर वहीत 31 फूट. मामांना शेवटपर्यंत कळलं नाही की सगळे का हसले. मी सांगितलंही नाही.

बाकीच्या गोष्टी मग एकेक जमत गेल्या. स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांचा 2021 चा लेख वाचनात आला. व्हिडिओ मीटिंगनं माणूस का थकतो याची चार कारणं त्यांनी मांडली आहेत: सगळ्यांचे डोळे फार जवळून आपल्यावर असल्याचा भास, सतत समोर दिसणारा स्वतःचा चेहरा, एका जागी जखडून बसणं, आणि एरवी नकळत होणारे इशारे मुद्दाम करावे आणि ओळखावे लागणं. दुसरं कारण वाचून मी लगेच टीम्समध्ये, म्हणजे आमच्या मीटिंगच्या ॲपमध्ये, माझ्या चौकोनावरचे तीन ठिपके दाबून 'हाइड फॉर मी' केलं. इतरांना मी दिसते, मला मी दिसत नाही. दिवसभर कुणी आरसा धरून मागं लागलं तर आपण त्याला शिव्या घालू, पण लॅपटॉप करतो तेव्हा चालवून घेतो. तिसऱ्या कारणासाठी कास्टिंगच्या, म्हणजे ओतलेल्या भागांच्या, दोन क्रेट एकावर एक ठेवून त्यावर लॅपटॉप मांडला आणि उभी राहून बोलायला लागले. आता तर कापलेलं कास्टिंगच हातात घेते आणि ब्लो होल कॅमेऱ्यासमोर धरते. हात कामात असले की थरथरत नाहीत.

"स्क्रीन दिसतेय ना?" हा प्रश्न बंद केला. त्याला 'येस' एवढंच उत्तर येतं, तेही नाही आलं तर आपण पुन्हा विहिरीत. त्याऐवजी दर दोन-तीन स्लाइडनंतर ज्याचा विषय त्यालाच नाव घेऊन विचारते, "सर, लाल गोलातला भाग तुमच्या मशीनिंगला कितव्या ऑपरेशनला येतो?" असं विचारलं की बोलावंच लागतं.

सुरू व्हायच्या आधीच्या पाच मिनिटांसाठी श्वास. आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला दुप्पट वेळ, आठ-दहा वेळा. लांब उच्छ्वासानं हृदयाचे ठोके मंदावतात, हे नाडीवर बोट ठेवून बघता येतं. मात्र 'शांत हो, शांत हो' असं स्वतःला बजावण्याचा मला कधीच उपयोग झाला नाही. हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, 'मी शांत आहे' म्हणणाऱ्यांपेक्षा 'मला उत्साह आलाय' म्हणणाऱ्यांचं भाषण सरस ठरलं होतं. यात आम्हाला नवीन काही नाही. आखाड्यात उतरणारा पैलवान शड्डू ठोकतो, डोळे मिटून शांत बसत नाही. मी एकदा ऑफिसात शड्डू ठोकून बघितला. माइक बंद होता, पण दार उघडं होतं.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. कोल्हापुरात आम्ही बायकापोरीही सर्रास 'मी येतो, मी बघतो' म्हणतो. लिहिताना मी सांभाळते, बोलताना रंगात आले की निसटतं. पुण्याच्या मंडळींशी मराठीत बोलताना एकदा "मी तपासून सांगतो" म्हणाले आणि चॅटमध्ये कुणीतरी हसरा चेहरा टाकला. त्या दिवशी पाणी सरळ 47. दोन महिने मी प्रत्येक क्रियापद तोलून बोलत होते, आणि क्रियापद तोलताना ब्लो होल कुणाला आठवणार? आता निसटलं तर निसटू देते. पण चॅटकडं डोळा जातोच.

पुढचा आढावा गुरुवारी आहे, नवा ग्राहक, सगळं इंग्रजीत. आज सोमवार, आणि पाणी आत्ताच 37 फुटांवर आहे. मामांच्या भाचीचं गुरुवारी गारगोटीला लग्न आहे. तसं त्यांनी दुपारी सांगितलं, आणि जाता जाता म्हणाले, "मांडवातनं मोबाइल लावू का म्याडम? मान काय, तिथनं बी हालती."