इतक्या जुन्या घटनेचा दिवस कळतो तरी कसा?

युरोपचा जुना इतिहास शिकवते म्हटल्यावर एक प्रश्न हमखास येतो. सीझरचा खून १५ मार्चला, हेस्टिंग्जची लढाई १४ ऑक्टोबरला, कॉन्स्टँटिनोपल पडलं २९ मे रोजी. हे दिवस खरंच माहीत आहेत, की नंतर कुणीतरी ठोकून दिलेत? तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते, कारण मला या प्रश्नाचं मोल फार वाटतं.

हे तिन्ही दिवस पक्के आहेत. मार्चच्या मध्याला, म्हणजे १५ तारखेला, रोमन लोक ‘आयडीज’ म्हणत. इसवी सनपूर्व ४४ मध्ये खून झाला आणि दोनेक वर्षांत ब्रूटसने नाणं पाडलं, त्यावर दोन खंजीर, मधे गुलामाला मुक्त करताना घालतात ती टोपी आणि खाली मार्चच्या आयडीजचा उल्लेख. मारेकऱ्यानेच तारीख धातूवर कोरून ठेवली, आणखी काय हवं? १०६६ च्या हेस्टिंग्जची नोंद इंग्रज बखरकारांनी संत कॅलिक्स्टसच्या सणाचा दिवस म्हणून केली. मध्ययुगात साधारण असंच लिहीत: महिन्याचा आकडा नाही, त्या दिवशीचा संत. (गोव्यात अल्बुकर्कने १५१० मध्ये २५ नोव्हेंबरला शहर घेतलं तो सेंट कॅथरीनचा दिवस, म्हणून जुन्या गोव्याचं से कॅथेड्रल तिच्या नावाचं.) आणि १४५३ मध्ये तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपलला घातलेल्या वेढ्यात निकोलो बार्बारो हा व्हेनिसचा वैद्य शहरात राहून रोजनिशी लिहीत होता. त्या २९ मे रोजी मंगळवार होता. ग्रीक लोक आजही मंगळवार अशुभ मानतात.

आता कच्च्या तारखा. इटलीतल्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक, इसवी सन ७९. बहुतेक पुस्तकांत २४ ऑगस्ट सापडेल. ही तारीख येते रोमन लेखक धाकट्या प्लिनीच्या पत्रातून. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता, आखाताच्या पलीकडच्या मिसेनमला राहत होता. आरमारप्रमुख असलेला त्याचा मामा लोकांना सोडवायला जहाजं घेऊन गेला आणि स्टाबियाच्या किनाऱ्यावर मेला. पुढे अनेक वर्षांनी इतिहासकार टॅसिटसच्या विनंतीवरून प्लिनीने हे सगळं लिहिलं. पण त्याच्या हातचा कागद आपल्याकडे नाही, शतकानुशतकं नकलून काढलेल्या प्रती आहेत. रोमन लोक दिवस उलटे मोजत, पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून मागे. ‘सप्टेंबरच्या पहिलीआधीचा नववा दिवस’ म्हणजे, पहिलीही मोजून, २४ ऑगस्ट. नकलणाऱ्याने महिन्याचं नाव चुकवलं की तारीख थेट महिना-दोन महिने सरकते, आणि प्रतींमध्ये इथे एकवाक्यता नाहीच. त्यातच या उद्रेकात गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत डाळिंबांसारखी शरदातली फळं आणि ऊब घ्यायच्या शेगड्या सापडल्या. २०१८ मध्ये तिथल्या एका घराच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेली ओळ मिळाली, तिच्यात १७ ऑक्टोबर येतो. वर्ष लिहिलेलं नाही. तरी कोळशाचं लिखाण टिकत नाही, म्हणून ते उद्रेकाच्या जरा आधीचंच असावं, असा अनेकांचा तर्क आहे. मलाही शरद ऋतूच जास्त पटतो, पण वर्गात मी दोन्ही बाजू मांडते.

लिंडिसफार्नचंही असंच. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळच्या या बेटावरचा मठ ७९३ मध्ये व्हायकिंगांनी लुटला. बखरीच्या प्रतींत जानेवारीतला दिवस आहे. पण भर हिवाळ्यात उत्तर समुद्र ओलांडून लुटीला कोण येईल? दुसऱ्या एका नोंदीत ८ जून आहे. लॅटिनमध्ये जानेवारी आणि जूनची संक्षिप्त रूपं एका अक्षराच्या फरकाची, तिथे लेखणी घसरली असणार. आज ८ जूनच मानतात.

सगळ्यात भरवशाचा साक्षीदार आकाश. इसवी सनपूर्व ४१३ मध्ये अथेन्सचं सैन्य सिसिलीतल्या सिराक्यूजपुढे अडकलं होतं. निघायची तयारी झाली आणि चंद्रग्रहण लागलं. सेनापती निकियास शकुन-अपशकुन फार मानणारा. ज्योतिषांनी तीन वेळा नऊ दिवस थांबायला सांगितलं आणि तो थांबला. तेवढ्यात सिराक्यूजवाल्यांनी बंदराचं तोंड बंद केलं, आरमार गेलं. जमिनीवरून पळायला निघालेले, त्या काळचा इतिहासकार थ्युसिडिडीज याच्या हिशोबाने, चाळीस हजार. त्यांतले सात हजारांवर कैदी दगडाच्या खाणींत कोंडले गेले. ग्रहणाचं गणित मागे नेता येतं, म्हणून ती रात्र आपण नेमकी सांगू शकतो: २७ ऑगस्ट. एका रात्रीची भीती किती माणसांना पुरली, हे तारखेसकट समोर आलं की मला ते फार लागतं.

ही तारीख ज्युलियन, म्हणजे सीझरने घालून दिलेल्या जुन्या कॅलेंडरच्या गणतीची, हेही सांगायला हवं. १५८२ मध्ये पोप ग्रेगरीच्या सुधारणेने ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आला. त्याआधीच्या तारखा इतिहासकार जुन्याच गणतीत ठेवतात. आपल्याकडे शिवजन्माची १९ फेब्रुवारी १६३० हीसुद्धा ज्युलियनच, ग्रेगोरियन धरली तर १ मार्च. वर्ष कधी सुरू होतं हाही घोळ असतो. फ्रँक राजा शार्लमेनचा सम्राट म्हणून राज्याभिषेक २५ डिसेंबर ८०० चा, पण फ्रँक दरबारच्या वार्षिक नोंदीत तो ८०१ मध्ये आहे, कारण त्यांचं नवं वर्ष नाताळला लागे.

आणि कधी आकाश आणि पंचांग एकमेकांशी भांडतात. नॉर्वेचा राजा ओलाव्ह स्टिक्लेस्टाडच्या लढाईत १०३० मध्ये पडला. चर्च त्याचा दिवस २९ जुलैला पाळतं. सागांमध्ये, म्हणजे तिकडच्या जुन्या वीरकथांमध्ये, मात्र लढाई चालू असताना सूर्य काळवंडला असं आहे, आणि तिथे खग्रास ग्रहण झालं ते ३१ ऑगस्टला. मी चर्चच्या बाजूने आहे. पुढच्याच वर्षी त्याला संत ठरवलं गेलं, तेव्हा लढलेले लोक हयात होते. दिवस एवढ्यात विसरला जाणं कठीण. अंधाराचं कवन रचणारा दरबारी कवी सिग्वात लढाईत नव्हताच, तो रोमच्या यात्रेला गेला होता. महिन्याभराने झालेलं ग्रहण राजाच्या मरणाला लोकांनीच जोडलं असावं.