वडिलांचं नाव कुठंय?

ब्राझीलची मुलगी वर्षभरासाठी येणार आणि पहिले चार महिने आमच्याकडे राहणार हे कळल्यावर अख्ख्या आळीने मला तीनच प्रश्न विचारले. खाणार काय? बादलीने आंघोळ करेल का? आणि रात्री किती वाजता घरी येईल? या तिन्हींपैकी एकाही गोष्टीने मला एक दिवस त्रास दिला नाही. त्रास दिला तो शाळेच्या बोनाफाइडवरच्या नावाने. आज वर्ष उलटून गेलं तरी त्या दोन आठवड्यांची आठवण झाली की माझं डोकं तापतं, म्हणून एकदा लिहूनच काढते.

आमचा मुलगा २०२४च्या ऑगस्टमध्ये रोटरीच्या यूथ एक्स्चेंजमधून बेल्जियमला गेला. आपलं मूल तिकडे कुणाच्या तरी घरी राहणार, तर तिकडचं एखादं मूल आपण सांभाळायचं, अशी ती साधी देवाणघेवाण. पंधरा ते एकोणीस वयाची मुलं असतात, वर्षात साधारण तीन घरं बदलतात. यजमान घराला पैसे मिळत नाहीत. (आळीतल्या निम्म्या लोकांना हे अजूनही खरं वाटत नाही.) घरात राहणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाची पार्श्वभूमी तपासतात. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाईंनी, आपल्यावर कसलाही गुन्हा नाही अशा कागदावर सही केली आणि मला हळूच विचारलं, "अगं, ते दामल्यांच्या कोंबडीचं सांगायला हवं होतं का?"

मुलगी १६ वर्षांची, म्हणून तिचं नाव इथे लिहीत नाही. घरात आम्ही तिला चिमणी म्हणायचो, तेच लिहिते. आमच्या शहराचंही नाव लिहीत नाही, कारण त्या ऑफिसात मला कधी ना कधी परत जावं लागेल.

चिमणी २४ ऑगस्टला मुंबईला उतरली. रात्री दीड वाजता तिला घेऊन घरी पोहोचलो आणि मी पर्स न ठेवता लॅपटॉप उघडला. परदेशी माणूस घरी मुक्कामाला आला की २४ तासांच्या आत यजमानाने सी फॉर्म भरायचा असतो. लोकांना वाटतं हे फक्त हॉटेलवाल्यांना लागू आहे. नाही. तुमच्या घरी सुद्धा. फॉर्मचा मूळ थाट मात्र लॉजचाच. पाहुणा आला कुठून, पुढचा मुक्काम कुठे. हॉलमध्ये सोफ्यावर झोपलेल्या मुलीकडे बघत मी 'पुढचा मुक्काम' या रकान्यापुढे पाच मिनिटं नुसती बसून होते. एक करा: सी फॉर्मच्या साइटवरचं तुमचं लॉगिन मूल यायच्या आठवडाभर आधी काढून ठेवा. मी काढलं होतं, म्हणून निभावलं.

तिच्या व्हिसाची मुदत १८० दिवसांहून जास्त होती, म्हणजे आल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करणं भाग. हे काम आता ई-एफआरआरओवर, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या सरकारी साइटवर, ऑनलाइन होतं, पण जिल्ह्याच्या ठिकाणी नोंदणी अधिकारी म्हणजे पोलीस अधीक्षकच, त्यामुळे फाइल शेवटी तिथेच जाते. २४ ऑगस्ट अधिक १४ म्हणजे ७ सप्टेंबर. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ७ सप्टेंबरच्या चौकोनात गणपती बसले होते. ते पाहिलं तेव्हाच मला समजायला हवं होतं.

कागद काय लागतात? पासपोर्ट, व्हिसा, फोटो, सी फॉर्मची प्रत, राहत्या पत्त्याचा पुरावा आणि शिकायला आली आहे म्हणून शाळेचं बोनाफाइड. पत्त्याच्या पुराव्याची गंमत अशी की आमचं लाइटबिल अजून सासऱ्यांच्या नावावर, आणि त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. शेवटी घरपट्टीची पावती लावली, ती ह्यांच्या नावावर आहे. तुमचंही बिल आज काढून बघा, मी थांबते.

आता बोनाफाइड. शाळेला जोडूनच ज्युनिअर कॉलेज आहे, तिथे अकरावीत तिला बसवलं होतं. परदेशी विद्यार्थी घेतला की शाळेने स्वतःही एक एस फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो, हे मीच त्यांना सांगितलं. ऑफिसातले भाऊसाहेब म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे परदेशी मुलं नसतात." मी म्हटलं, "भाऊसाहेब, ती काय, व्हरांड्यात उभी आहे." सही करणारे सर बाहेरगावी, मग शिक्का कपाटात, मग कपाटाची किल्ली सरांकडे. असे आठ दिवस गेले. ४ तारखेला बोनाफाइड हातात पडलं, ५ तारखेला मी सगळं अपलोड केलं, आणि दोन दिवस हातात ठेवून काम उरकलं म्हणून स्वतःवरच खूश होऊन मोदकाचा नारळ खवायला बसले.

हरतालिकेच्या दुपारी मेल आला. बोनाफाइडवरचं नाव पासपोर्टशी जुळत नाही, दुरुस्त करून पाठवा.

मी कागद परत काढला. दहा वेळा वाचला. मला नाव बरोबरच दिसत होतं. खरं सांगते, चूक दाखवली चिमणीने. मधल्या शब्दावर बोट ठेवून म्हणाली, "हे माझे बाबा आहेत."

शाळेने तिचं नाव आपल्या पद्धतीने लिहिलं होतं: तिचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. ब्राझीलमध्ये वडिलांचं नाव मधे लावतच नाहीत. तिकडे नावापुढे बहुतेक वेळा आधी आईकडचं आडनाव येतं आणि शेवटी वडिलांकडचं. तिच्या पासपोर्टवर असे तीन शब्द होते. शाळेने त्यातलं आईकडचं आडनाव गाळलं आणि तिथे बाबांना बसवलं. आपला डोळाच असा तयार झालाय की तीन शब्द ओळीत दिसले की मधले ते वडील. भाऊसाहेबांना चुकल्यासारखं वाटलं नाही, सरांना नाही आणि मलाही नाही. इतकं पहाटे उठून दूर्वा निवडण्यापेक्षा मी आदल्या रात्री तो एक शब्द वाचला असता तर बरं झालं असतं.

पुढचे दोन आठवडे असे गेले. शाळेला गौरीविसर्जनापर्यंत सुट्टी. अधीक्षक कार्यालयात त्या टेबलावरचे हवालदार बंदोबस्ताला, आणि फोन उचलणारा म्हणायचा, "अनंत चतुर्दशी होऊ द्या." अर्ज मुदतीत गेला होता, पण परत आल्यावर तो गेला धरायचा की नाही, दंड लागणार की नाही, हे मला एकही माणूस ठामपणे सांगेना. मी जो भेटेल त्याला विचारत होते. आरतीला आलेल्या वकील काकांनाही विचारलं. ते म्हणाले, "मी फक्त जमिनीचं बघतो."

१३ तारखेला शाळा उघडली. मी साडेदहाला हजर.

"बदलता येणार नाही," भाऊसाहेब म्हणाले. "जनरल रजिस्टरला नोंद झालीय. तिथे खाडाखोड करायची तर शिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र लागतं."

"मग रजिस्टर राहू द्या. बोनाफाइडवर पासपोर्टप्रमाणे लिहा."

"ते कॉम्प्युटरमधून येतं. वडिलांच्या नावाचा रकाना रिकामा ठेवला तर पुढं जात नाही."

"त्या रकान्यात तिच्या आईचं आडनाव टाका."

भाऊसाहेबांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या जातीच्या दाखल्यात फेरफार सुचवला होता. "वडिलांच्या जागी आईचं आडनाव? आणि वडिलांचं नाव कुठंय मग? उद्या कुणी विचारलं तर?"

कुणी विचारणार होतं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. ही मुलगी बोर्डाची परीक्षा देणार नव्हती, दाखला घेऊन दुसऱ्या शाळेत जाणार नव्हती. पण मी त्या टेबलाशी एकूण पाच वेळा गेले आणि पाचही वेळा "वडिलांचं नाव कुठंय" हे वाक्य ऐकलं. तिसऱ्या वेळी माझा आवाज चढला. त्याचा काही उपयोग झाला नाही, उलट त्या दिवशी भाऊसाहेब जेवायला लवकर उठले.

सुटका केली ती शेजारच्या टेबलावरच्या मॅडमनी. त्या आवक-जावक बघतात. डबा खाता खाताच म्हणाल्या, "अहो, कॉम्प्युटरमधून कशाला काढताय? लेटरहेडवर साधं पत्र टाइप करा. 'पासपोर्टप्रमाणे नाव' असं लिहा, पुढे पासपोर्ट नंबर टाका, जावक क्रमांक मी देते, सर सही करतील." वीस मिनिटांत झालं. वीस मिनिटांत! भाऊसाहेबांनी मला जाताना चहा विचारला, आणि माझा राग तिथेच अर्धा उतरला याचंच मला जास्त वाईट वाटतं. २३ सप्टेंबरला नोंदणीचा कागद मेलवर आला. दंड लागला नाही.

म्हणून माझं सांगणं एवढंच: मूल विमानात बसायच्या आधी पासपोर्टच्या पानाची झेरॉक्स शाळेच्या ऑफिसात नेऊन द्या, आणि जनरल रजिस्टरला नोंद होताना स्वतः समोर उभ्या राहा. आगाऊ म्हणतील, म्हणू द्या. आणि हे सगळं २०२४चं आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांसाठी नवा कायदा लागू झालाय, तेव्हा फॉर्मची नावं आणि मुदती ताज्या बघून घ्या.

मुलगा बेल्जियमहून फोनवर म्हणाला, त्यालाही तिथल्या नगरपालिकेत नाव नोंदवावं लागलं आणि तो खरंच तिथे राहतो का हे बघायला पोलीस घरी येऊन गेला. किती दिवस लागले, ते मी मुद्दाम विचारलं नाही.

बाकी राहण्याचं विचाराल तर काय सांगू? पहिल्या आठवड्यात मी पास्ता-बिस्ता करत बसले, ते नका करू. ती रोज डाळ-भात खाणाऱ्या देशातून आली होती, म्हणजे त्यांच्याकडे काळ्या घेवड्याची पातळ उसळ आणि भात. आमचा राजमा पाहून तिने आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, मिठीच मारली. इंग्रजी दोघींचंही यथातथाच, पण स्वयंपाकघरात त्यांचं अडायचं नाही, कारण पोर्तुगीजांनी गोव्याकडून आपल्याला दिलेले शब्द तिच्या तोंडी तसेच होते. बटाटा, साबण, पाव, काजू. आई म्हणायच्या "चावी आण", ती म्हणायची "शावी" आणि बरोबर आणायची. 'पगार' म्हणजे त्यांच्यात पैसे देणं, हे कळल्यावर ह्यांनी महिनाभर तोच विनोद केला. दिवाळीत तिने कंडेन्स्ड मिल्क, कोको आणि लोणी आटवून ब्रिगादेरो वळले. आई ताटातल्या बेसनाच्या लाडवांशेजारी ते ठेवून म्हणाल्या, "जरा लहान वळलेत, पण हात चांगला आहे."

अडचण म्हणाल तर एकच झाली, ती खोलीचं दार लावून बसायची. आईंना वाटायचं रुसली. तसं नसतं. दार वाजवून आत जायचं, इतकंच. (सिमकार्ड आपल्या नावावर घ्या, मूल अल्पवयीन असतं. हे वर लिहायला हवं होतं.)

डिसेंबरात शाळेच्या स्नेहसंमेलनात ती लेझीमच्या पथकात नाचली. प्रमाणपत्र मिळालं. त्यावर छापील अक्षरात तिचं नाव, मधे वडिलांचं, मग आडनाव. मी सवयीने हात पुढे केला, परत देऊन बदलून आणते म्हटलं. तिने ते पाठीमागे लपवलं. संध्याकाळी त्याचा फोटो तिच्या बाबांना गेला आणि तिकडून तीन मिनिटांचा आवाजी निरोप आला. तो तिने दार लावून ऐकला.

त्याच महिन्यात ती दुसऱ्या घरी गेली. घर बदललं की नवा सी फॉर्म आणि पत्ताबदलाचा अर्ज, दोन्ही तेव्हा लागायचे. चार दिवसांनी तिथल्या वहिनींचा फोन आला. "तुम्ही उगाच घाबरवलंत हो. भाऊसाहेब किती चांगले आहेत! नवीन पत्त्याचं बोनाफाइड लगेच हातात दिलं."

"कॉम्प्युटरमधून काढलं का?"

"हो, दोन मिनिटांत."

"नाव वाचा बघू."

त्यांनी वाचलं. पहिला शब्द, दुसरा शब्द.

मी म्हटलं, "वहिनी, उद्या साडेदहाला शाळेत या. मी पण येते."