अजिंठ्याची दरी आधी वरून पाहा

लेणी बघायला सगळे येतात, दरी मात्र बघायची राहून जाते. वाघूर नदीने काळ्या कातळात घोड्याच्या नालासारखं वळण कोरलंय आणि सुमारे ७६ मीटर उंच कड्यात ओळीने तीसेक लेणी. पलीकडच्या डोंगरावरच्या व्ह्यू पॉइंटवरून हा सगळा आकार एका नजरेत मावतो. १८१९ मध्ये शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला दहाव्या लेण्याची कमान दिसली, तीही समोरच्याच अंगाने.

गाडी फर्दापूरच्या टी-पॉइंटला लावायची, पुढचे ४ किलोमीटर बसने. सोमवारी लेणी बंद. याच दरीतला सप्तकुंडाचा धबधबा बघायचाय? मग श्रावण-भाद्रपदातच या. उन्हाळ्यात नुसता कातळ तापतो. आणि आत फ्लॅश मारू नका, कृपा करून. मातीच्या गिलाव्यावरचे ते रंग फार नाजूक आहेत.