तुम्ही विचारलंत म्हणून: भुसावळच्या माणसाला खरगपूरच्या धावपट्ट्यांचं काय?

लग्नकार्यात पंगतीला बसलं की कुणी ना कुणी विचारतंच, काय भाऊ, तुम्ही भुसावळचे, आख्खं घर रेल्वेत, मग हे महायुद्धातल्या बंगालच्या विमानतळांचं खूळ कुठून शिरलं डोक्यात? तर सांगतो. खूळ विमानांचं नाहीच, रेल्वेचंच आहे.

झालं काय, 1943 च्या शेवटी अमेरिकेला जपानवर बॉम्ब टाकायचे होते आणि हाताशी नवंकोरं बी-29 हे बॉम्बफेकी विमान होतं, चार इंजिनांचं, पंखांचा पसारा 141 फूट. पण जपानपर्यंत पोचता येईल अशी पॅसिफिकमधली बेटं अजून ताब्यात नव्हती. मग ठरलं की उडायचं चीनमधल्या चेंगडूहून, आणि मूळ मुक्काम भारतात, खरगपूरच्या आसपास. सालुवा, कलाईकुंडा, चाकुलिया, पियारडोबा, दुधकुंडी. तिथेच का, तर कलकत्ता बंदर जवळ आणि खरगपूर म्हणजे बंगाल नागपूर रेल्वेचं मोठं जंक्शन. विमानं उडत आली, पण ग्राउंड स्टाफमधले बरेच जण बोटीने मुंबईला उतरले आणि तिथून रेल्वेने देश ओलांडत गेले. आता मुंबईहून कलकत्त्याला नागपूरवरून जा नाहीतर इटारसीवरून, भुसावळ चुकतं का? ते सोल्जर आपल्याच फलाटावर पाणी प्यायले असणार, माझी तर खात्री आहे.

धावपट्ट्या बांधल्या कुणी, तर अमेरिकन इंजिनियर पलटणी आणि हजारो मजूर, त्यात डोक्यावर खडीच्या टोपल्या वाहणाऱ्या बायाही. मेदिनीपूर जिल्हा तो, ऑक्टोबर 1942 चं चक्रीवादळ सोसलेला आणि लगेच 1943 च्या दुष्काळात होरपळलेला. बी-29 वरच्या पुस्तकांत जनरल लोकांची नावं पानापानावर, दुष्काळाला मात्र एखादी ओळ मिळाली तर मिळाली. मला हे खटकतं, स्पष्टच सांगतो.

ऑफिसचीही गंमत बघा. या सगळ्या बी-29 चा कारभार बघणाऱ्या बॉम्बर कमांडचं मुख्यालय थाटलं खरगपूरजवळच्या हिजलीच्या तुरुंगात, जिथे 1931 ला राजकैद्यांवर गोळीबार होऊन संतोष मित्र आणि तारकेश्वर सेनगुप्त हे दोघे गेले होते. त्याच इमारतीत 1951 ला देशातली पहिली आयआयटी सुरू झाली. एवढ्या उलाढाली क्वचितच एखाद्या इमारतीने बघितल्या असतील.

आणि ऊन! आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा स्कूटरच्या सीटवर बसवत नाही, तिथे तर या विमानाचं राइट कंपनीचं अठरा सिलेंडरचं इंजिन मुळातच तापट, त्यात मॅग्नेशियमचे भाग, एकदा पेटलं की विझायचं नाव नाही. मेकॅनिक लोक दुपारी पत्र्याला हात लावू शकत नव्हते, मग काम पहाटे नाहीतर रात्री.

आता मुद्द्याची गोष्ट. 5 जून 1944 ला जगातलं तेव्हाचं सगळ्यात भारी बॉम्बर पहिल्यांदा लढाईवर निघालं, या बंगालच्या तळांवरून 98 विमानं, आणि टार्गेट काय होतं माहितीये? बँकॉकचं मक्कासान रेल्वे वर्कशॉप! म्हणजे लोको शेडच म्हणा ना. एवढा खटाटोप करून जेमतेम वीसेक बॉम्ब ठिकाणावर पडले, पाच विमानं गेली आणि त्यातलं एकही शत्रूच्या गोळीने नाही. दहा दिवसांनी चेंगडूहून जपानच्या यावाता पोलाद कारखान्यावर गेले, तिथेही हाती फारसं लागलं नाही.

कारण चेंगडूला पेट्रोल नव्हतं. बॉम्ब, पेट्रोल, सुटे भाग, सगळं हिमालयावरून उडवत न्यायचं, एका विमानाची एक मोहीम करायची तर आधी साधारण सहा फेऱ्या नुसत्या सामानाच्या. आमच्या रेल्वेत कुणालाही विचारा, मालगाडीचं इंजिनच अर्धा कोळसा खाऊन टाकत असेल तर ती गाडी चालवायची कशाला? ऑगस्ट 1944 ला कमांडचा नवा प्रमुख म्हणून कर्टिस लमे आला, त्याने शिस्त लावली, नेम सुधारला, पण हे गणित त्यालाही सुटलं नाही. पॅसिफिकमधली मारियाना बेटं हातात आली आणि 1945 च्या वसंतात सगळा बाडबिस्तरा तिकडे हलला. माझ्या मते हा तळ जपानने हरवला नाही, वाहतुकीच्या खर्चाने हरवला.

पुढे कलाईकुंडा आपल्या एअरफोर्सकडे आलं, 1965 च्या सप्टेंबरमध्ये पाकिस्तानी सेबर जेट तिथे चालून आले तेव्हा आपला वैमानिक आल्फ्रेड कुक हंटर विमान घेऊन त्यांच्या मागे लागला, तो किस्सा वेगळाच आहे, परत कधीतरी. तुम्हाला बघायचंच असेल तर भुसावळहून गीतांजली एक्सप्रेसमध्ये बसा, दुसऱ्या दिवशी सकाळी टाटानगर गेलं की झोपू नका, घाटशिला मागे पडलं की चाकुलिया येतं, मग झाडग्राम, मग कलाईकुंडा, गाडी यातल्या बऱ्याच ठिकाणी थांबत नाही म्हणून पाट्या वाचायला खिडकीच पकडा.